गुरूच्या दारात लेकरू एकटे सोडू नका

इंदूरच्या तमाम मराठी भाविक बंधू-भगिनींनो,

३१ ऑगस्ट २०१३ च्या मध्यरात्री आपल्याच खंडवा रोडवरच्या आश्रमातून आसाराम बापूला जोधपूर पोलिसांनी उचलले. २५ एप्रिल २०१८ रोजी जोधपूरच्या न्यायालयाने अल्पवयीन मुलीवरील बलात्काराबद्दल त्याला जन्मठेप दिली. २०२३ मध्ये गांधीनगरच्या न्यायालयाने दुसऱ्या एका शिष्येच्या प्रकरणातही तीच शिक्षा सुनावली. आपण हे वाचले, चार दिवस बोललो आणि विसरलो. म्हणून हे पत्रक.

जोधपूर खटल्यातली ती अल्पवयीन मुलगी त्याच्याच छिंदवाड्याच्या गुरुकुलात शिकत होती. तिची तब्येत बिघडली, तर तिथल्या लोकांनी आईबापांना कळवले की हिला बाहेरची बाधा आहे, बापूच उतरवतील. आईबाप निस्सीम भक्त. ते तिला घेऊन जोधपूरजवळच्या मणाई गावी गेले. रात्री मुलीला कुटीत नेले आणि आई बाहेर जप करत बसली. त्या माउलीला बोल लावू नका. तिची श्रद्धा खरी होती, आणि त्या खऱ्या श्रद्धेचाच घात झाला. डॉक्टरऐवजी बाबाकडे न्यायचे, घरच्यांना दाराबाहेर बसवायचे, वाच्यता केलीस तर घरादाराचे वाटोळे होईल असा धाक घालायचा, ही रीत ओळखा. पुढे साक्षीदारांवर हल्ले झाले, काही जिवालाही मुकले.

आम्ही नास्तिक नाही. नानामहाराज तराणेकरांच्या या शहरात आजही घरोघर करुणात्रिपदी म्हटली जाते. दार उघडे असते, आजी, सून, नातवंडे एकत्र बसतात. तिथे शंका विचारता येते. एखादा गुरुवार चुकला तर कोणी कोपाची भीती घालत नाही. ही जवळीक आम्हाला हवी आहे. समर्थांनी दासबोधाच्या पाचव्या दशकात गुरूची लक्षणे सांगताना ढोंगी गुरूंचीही गय केलेली नाही. पारख करणे हा गुरुद्रोह असता, तर त्यांनी ती शिकवली असती का?

तेव्हा आपल्या मठात, मंडळात, सत्संगात उघड विचारा. लहान मुलांना, बायकांना एकांतात का बोलावता? दक्षिणेचा हिशेब कोण पाहतो? मंडळ सोडून गेलेल्यांशी बोलायला बंदी का? ‘तुमची श्रद्धा कमी पडते’ असे उत्तर आले, तर मुलांना घेऊन आल्या पावली घरी या. आणि मुलाने काही सांगितले तर महाराजांची बदनामी होईल म्हणून घरात दाबू नका. १०९८ वर फोन करा, ठाण्यात तक्रार नोंदवा.

— इंदूरचे काही मराठी भाविक

(वाचून झाल्यावर शेजारी द्या.)