चाकरमानी गावकर होतात तेव्हा



"मुंबईत आता परवडत नाही, गावाला जाऊन राहावे काय?" हा प्रश्न हल्ली आपल्या घराघरांत निघू लागला आहे. कुणाचे निवृत्तीचे पैसे भाड्यात संपत आले आहेत, कुणाच्या मुलाची कंत्राटी नोकरी सुटली आहे, तर कुणाला चार जिने चढवत नाहीत. 2020 च्या टाळेबंदीत कितीतरी कुटुंबे गावाला गेली, त्यांतली काही तिथेच राहिली. आम्हीही 2022 च्या उन्हाळ्यात विक्रोळीची भाड्याची खोली सोडून महाडला आलो. आम्ही उभयता, मुलगा, सूनबाई आणि तेव्हा पाचवीत असलेली नात, अशी घरात पाच माणसे. तेव्हा या विषयावर चार गोष्टी अनुभवाने सांगता येतील असे वाटते.

पहिली गोष्ट अशी की, इतरांनी गावाला परतणे आणि आपण परतणे यांत फरक आहे. गाव म्हटले की पुष्कळांना वाडा, आंब्याची झाडे आणि आजीचा हात आठवतो. आपल्या वाडवडिलांना गावाबाहेरची वस्ती, वतनाची कामे आणि दुरून ओंजळीत ओतलेले पाणी आठवत असे. बाबासाहेबांनी 4 नोव्हेंबर 1948 रोजी घटना समितीत बोलताना गावाचे गोडवे गाणाऱ्यांना खडसावले होते. गाव हे संकुचितपणाचे आणि अज्ञानाचे आगर आहे, हे त्यांनी तिथे स्पष्ट शब्दांत मांडले. आपली माणसे बोटीने, पायी, पुढे एस.टी.ने मुंबईला आली ती नुसत्या पोटासाठी आली नाहीत.

मुंबईनेही आपल्याला सगळे सुखासुखी दिले असे नाही. गिरणीत विणकामाच्या, म्हणजे साचाखात्यात आपल्या माणसांना मज्जाव होता. तिथे तुटलेला धागा धोट्यातून तोंडाने ओढून घ्यावा लागे, म्हणून विटाळाचे कारण पुढे केले जाई. आपली माणसे कमी पगाराच्या रिंग खात्यात राहत. 1928 च्या संपाच्या वेळी बाबासाहेबांनी हा प्रश्न कामगार पुढाऱ्यांसमोर उघड उघड ठेवला होता. पुढे 18 जानेवारी 1982 ला गिरण्यांचा मोठा संप सुरू झाला आणि आमचे वडील घरी बसले ते बसलेच. तरीही त्या शहराने आपल्या मुलांना शाळा दिली, रात्रीचे कॉलेज दिले, आणि गर्दीत जात विसरून चालण्याची मोकळीक दिली. हे सोडून जाताना आपण काय सोडतो आहोत याचा विचार झालाच पाहिजे.

आमच्या घरात तो विचार सूनबाईने करायला लावला. सगळ्यांचे बोलणे ऐकून झाल्यावर तिने एकच विचारले, "बाबा, तिथे पाणी कोण भरणार?"

प्रश्न साधा होता, पण त्यात सगळे आले. कोकणात आषाढ-श्रावणात पाऊस कोसळतो आणि एप्रिल-मेमध्ये वाड्यांवर टँकरची वाट पाहावी लागते. आमची बौद्धवाडी महाडपासून चौदा किलोमीटरवर आहे. एस.टी. दिवसातून दोनदा येते, दवाखाना नाही, चौथीनंतर शाळा नाही. पुरुषाला गावाची ओढ लागते तेव्हा त्या ओढीचे हंडे बहुधा बाईच्या डोक्यावर येतात. आम्ही तेव्हाच ठरवले की राहायचे ते तालुक्याच्या गावी. वाडीवर जाऊन-येऊन असायचे, पण संसार वाडीवर मांडायचा नाही. ज्यांच्या घरात शिकणारी मुले आणि औषधावर असणारी म्हातारी माणसे आहेत त्यांना आमचा हाच सल्ला राहील. रामजी सुभेदारांचे मूळ गाव आंबडवे, पण त्यांनी मुलांचे शिक्षण दापोली, सातारा, मुंबई असे जागा बदलत केले. शाळा जिथे असेल तिथे बिऱ्हाड, हा धडा आपल्याच घरातला आहे.

महाडला खोली शोधताना मात्र जुना अनुभव नव्या कपड्यांत भेटला. मुंबईत भाडेकरूला आधी अनामत विचारतात. इथे आधी आडनाव विचारले, मग गाव, मग "कोणती वाडी?" दोन ठिकाणी सकाळी रिकामी असलेली जागा संध्याकाळी "दिली गेली" होती. आम्ही वाद घातला नाही, पण मान खाली घालून वाडीही लपवली नाही. तिसऱ्या ठिकाणी एका निवृत्त मास्तरांनी वरच्या मजल्यावरच्या दोन खोल्या दिल्या. खालच्या भिंतीवर 22 जुलै 2021 च्या महापुराची रेघ त्यांनी स्वतःहून दाखवली आणि म्हणाले, "वरच राहा, सावित्रीचा भरवसा नाही." नदीकाठच्या गावात घर घेताना ही रेघ आधी पाहावी. दलाल ती दाखवत नाही.

आणि हे महाड आहे, हेही आपण विसरू नये. सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले करण्याचा बोले यांचा ठराव मुंबईच्या कायदेमंडळात 1923 ला झाला. महाड नगरपालिकेने 1924 ला चवदार तळे खुले केल्याचे कागदावर लिहिले. प्रत्यक्ष पाणी आपण प्यालो 20 मार्च 1927 ला, बाबासाहेबांच्या मागून. आणि उच्च न्यायालयाचा शेवटचा निकाल आपल्या बाजूने लागला मार्च 1937 मध्ये. ठराव होणे वेगळे, पाणी पिणे वेगळे आणि तो हक्क टिकवणे वेगळे. गावाला परतणाऱ्या कुटुंबाला या तिन्ही पायऱ्या आजही लागतात.

म्हणून कागदांचे बोलू. वाडीवर आजोबांच्या नावची थोडी जमीन आहे, ती विकून महाडला घर बांधू, असे आमच्या मुलाच्या मनात होते. सात-बारा काढला तर त्यावर 'भोगवटादार वर्ग 2' अशी नोंद. महार वतने 1958 च्या कायद्याने रद्द झाली आणि वतनाच्या जमिनी नव्या शर्तीवर परत मिळाल्या. अशी जमीन जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीशिवाय विकता येत नाही, विकली तर तो शर्तभंग होतो. साध्या मुद्रांकावर सह्या घेऊन "बाकीचे आम्ही बघतो" म्हणणारे लोक अशाच जमिनींच्या शोधात फिरत असतात. आपल्या भोळ्या माणसांची कितीतरी जमीन अशी हातची गेली आहे. सही करण्याआधी तलाठ्याकडून फेरफार काढा आणि जाणत्या माणसाला दाखवा.

दुसरे, वारसांची नोंद. आमच्या जमिनीला एकोणीस वारस निघाले, त्यांत सात बहिणी आणि आत्या. एका नातलगांनी सुचवले की बायकांना एकेक साडी नेसवून हक्कसोड लिहून घ्या, म्हणजे गुंता सुटेल. आम्ही नकार दिला. हिंदू कोड बिलासाठी बाबासाहेबांनी मंत्रिपद सोडले, आणि आपण बहिणीचे नाव साडीवर उडवायचे? एकोणीस नावे लागली, वेळ लागला, जमीन विकली गेली नाही. पण नावे लागली.

तिसरा कागद मुलांचा. आपल्या समाजाच्या जातीच्या दाखल्यासाठी 10 ऑगस्ट 1950 पूर्वीच्या वास्तव्याचा पुरावा लागतो. म्हणजे तीन पिढ्या मुंबईत काढलेल्या घरालाही आजोबांच्या गावच्या शाळेची पायरी चढावी लागते. मुलगा बारावीला गेल्यावर धावपळ करण्यापेक्षा गावच्या शाळेच्या रजिस्टरमधील आजोबांच्या नावाचा उतारा आजच काढून ठेवा. जुनी रजिस्टरे भिजतात, वाळवी खाते. शाळा बदलताना मुंबईचा दाखला यायला उशीर झाला तर घाबरू नका. आठवीपर्यंत, केवळ दाखला आला नाही म्हणून सरकारी वा अनुदानित शाळेला प्रवेश अडवता येत नाही, असे 2009 चा शिक्षण हक्क कायदा सांगतो. मतदार यादीतला पत्ता बदलण्यासाठी नमुना 8 भरा आणि रेशनकार्डावरचा पत्ताही बदलून घ्या. ग्रामसभेत वा नगरपालिकेत बोलायचे तर आधी यादीत नाव हवे.

आता पैशाचा हिशेब. मुलाला मुंबईत एकवीस हजार मिळत, इथे औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात पंधरा मिळतात. भाडे अकरा हजारांवरून साडेचार हजारांवर आले. म्हणजे जमाखर्च जवळजवळ बरोबरीत सुटला. गावात सगळे स्वस्त असते हे खरे नाही, भाजी आणि भाडे सोडले तर किराणा तोच. उलट हृदयाच्या तपासणीला आम्हाला अजून मुंबई गाठावी लागते आणि त्या महिन्याची शिल्लक जाते. सूनबाई विक्रोळीला चार घरचे शिवणकाम करी, इथे ओळखी जमायला वर्ष गेले. तिच्या मिळकतीचा हा खड्डा आधी कुणी हिशेबात धरला नव्हता. तो धरावा. नात मात्र शाळेत पायी जाते, आणि मुलगा रात्री जेवायला घरी असतो. या दोन गोष्टींची किंमत आम्हाला लावता आलेली नाही.

शेवटी वाडीचे सांगायचे आहे, आणि तेच महत्त्वाचे आहे.

कोकणातल्या आपल्या प्रत्येक वाडीची दोन मंडळे असतात, एक मुंबईचे आणि एक गावचे. पैसा मुंबईचा, ठराव मुंबईचा, विहाराच्या फरशीवर नावेही मुंबईकरांची. आम्हीही कैक वर्षे मुंबईची पावती फाडत आलो. वैशाखी पौर्णिमेला बस करून यायचे, सजवलेल्या विहारात वंदना घ्यायची, भाषणे करायची आणि दुसऱ्या दिवशी परत. विहाराला कुलूप कोण लावते, रोज संध्याकाळी मेणबत्ती कोण लावते, पावसाळ्यात पत्रा उडाला तर कोण चढते, हे कधी विचारात आले नाही. आमच्या वाडीत पस्तीस उंबरे आहेत, त्यांतले बारमाही उघडे असतात नऊ. विहार झाडणारी मावशी सत्तरीची आहे. कार्यकारिणीत तिचे नाव कधीही नव्हते.

2023 च्या जुलैत वाडीतले एक वृद्ध वारले. पाऊस लागलेला, मुंबईकरांना निरोप गेला, पण यायला रात्र होणार होती. वाडीत त्या दिवशी खांदा देऊ शकेल असा पुरुष होता एकच. आमचा मुलगा कारखान्यातली पाळी सोडून आला, आम्ही गेलो, आणि कुणबीवाडीतले दोन तरुण कुणी न बोलावता आले. त्यांच्या वाडीतली जुनी माणसे बांधावर उभी राहून पाहत होती. आमच्या मावशीने डोक्यावर पदर घट्ट केला आणि त्रिसरण म्हणत पुढे चालू लागल्या. स्मशानाची वाट ओढ्यातून जाते, पाणी मांडीपर्यंत होते. त्या वाटेवरच्या साकवाची मागणी आमच्या मुंबई मंडळाच्या वहीत कधीच नव्हती. वहीत कमानीचा खर्च होता.

त्या महिन्यात गावच्या बैठकीत आम्हाला विचारणा झाली, "आता तुम्ही पावती मुंबईची फाडणार की गावची?" आम्ही गावची फाडली. मावशींना कार्यकारिणीत घेतले, सूनबाई हिशेबनीस झाली आणि साकवाचा अर्ज वाडीतल्या सगळ्या मतदारांच्या सह्यांनी ग्रामसभेत दिला. तीन सभा गेल्या, तेव्हा तो ठरावात आला. साकव अजून झालेला नाही, पाठपुरावा चालू आहे.

परतणाऱ्या प्रत्येक कुटुंबाला आमचे सांगणे एवढेच. गाव आपल्याला सामावून घेईल याची वाट पाहत बसू नका. घरातल्या बाईला विचारून निघा, शाळेजवळ बिऱ्हाड करा, कागदावर आपले नि बहिणीचे नाव लावा, यादीत मत नोंदवा आणि ग्रामसभेत जाऊन बसा. पाहुणे म्हणून आलात तर जुनी जागाच मिळेल, नागरिक म्हणून आलात तर नवी करून घेता येईल. आणि जे मुंबईतच राहणार आहेत त्यांनी येत्या वैशाखी पौर्णिमेला बसमधून उतरल्यावर आधी विहाराची किल्ली कुणाकडे असते ते विचारावे, आणि त्या माणसाला व्यासपीठावर बसवावे.

जय भीम.