कान टोचलेले बोल्ट

बालदोस्तांनो, बाळाचे कान टोचतात हे तुम्हाला ठाऊकच आहे. पण बोल्टाचे कान टोचलेले कधी पाहिलेत? थट्टा नाही बरं का! बोल्टाच्या डोक्याला आरपार बारीक भोक पाडायचं, त्यातून तार ओवायची, तिला छान पीळ द्यायचा आणि शेजारच्या बोल्टाच्या भोकात नेऊन अडकवायची. या तारेला म्हणतात ‘सेफ्टी वायर’.

नाशिककरांना ती तशी शेजारचीच. ओझरला हिंदुस्थान एरोनॉटिक्सचा विमान कारखाना आहे ना? १९६४ मध्ये मिग विमानांसाठी तो उभा राहिला. पुढे २००४ पासून तिथून सुखोई-३० बाहेर पडू लागली. १७ ऑक्टोबर २०२५ रोजी तिथे बांधलेल्या तेजस मार्क-१ए विमानानं आकाशात झेप घेतली. विमानांच्या जगात ही तार म्हणजे रोजची गोष्ट. आणि शर्यतीच्या मोटारींच्या ब्रेकमध्येही तीच आपल्याला भेटते.

आता तुम्ही विचाराल, बोल्ट पान्यानं करकचून आवळला, मग वर तार कशाला?

त्याचं असं आहे. बोल्ट आवळला की तो अगदी किंचित ताणला जातो, ताणलेल्या रबरासारखा. पुन्हा आखडण्याची त्याची धडपड चालू असते, आणि त्या ओढीनंच दोन भाग एकमेकांवर दाबून बसतात. पण ते भाग आडवे, इकडून तिकडे सरकू लागले, की आट्यांमधली पकड क्षणभर सुटते. दर धक्क्याला बोल्ट केसभर उलटा फिरतो. असे हजारो धक्के बसले की बोल्ट चक्क हातानं निघतो! गेरहार्ड युंकर नावाच्या जर्मन अभियंत्यानं १९६९ मध्ये यंत्रावर बोल्ट हलवून हे दाखवून दिलं.

ब्रेकमध्ये धक्के तर असतातच, शिवाय आग! बाराशे किलोची मोटार ताशी १०० किलोमीटर वेगानं जात असताना एकदम थांबवली, तर तिच्या वेगाची जी उष्णता होते, तिच्यात जवळजवळ दीड लिटर पाणी उकळायला लागेल. नाशिकहून मुंबईला जाताना कसारा घाट उतरतो. तिथे चालक सारखा ब्रेक दाबत राहिला तर काय होईल, त्याचा विचार करा. शर्यतीत तर ब्रेकची चकती, म्हणजे रोटर, चारपाचशे अंश सेल्सिअसच्या वर सहज तापतो.

घरच्या साध्या मोटारीत ही चकती सहसा एकसंध असते. पण वेगवान मोटारीत बाहेरचं कडं लोखंडाचं आणि मधला भाग हलक्या ॲल्युमिनियमचा. दोघांना जोडतात ते आपले बोल्ट. एरवी बोल्ट सुटू नये म्हणून आट्यांना खास गोंद लावतात. पण दीडशे-पावणेदोनशे अंशांच्या पुढे साधा गोंद दगा देतो. नायलॉनची कडी बसवलेला नट तर त्याच्याही आधी मऊ पडतो. तारेला मात्र त्या धगीचं काही वाटत नाही. म्हणून गंज न चढणाऱ्या पोलादाची, जेमतेम ०.८ मिलिमीटर जाडीची तार!

पण ती कशीही बांधून चालत नाही हं. करूनच पाहा. बाटलीची दोन झाकणं पुठ्ठ्यावर शेजारी शेजारी ठेवून मधोमध एकेका टाचणीनं टोचा. झाकणं फिरली पाहिजेत. आता डाव्या झाकणाच्या वरच्या कडेपासून उजव्या झाकणाच्या खालच्या कडेपर्यंत दोरा ताणून चिकटवा. डावं झाकण घड्याळाच्या काट्यांच्या उलट, म्हणजे बोल्ट सुटतो त्या दिशेनं फिरवा. काय झालं? दोऱ्यानं उजवं झाकण सुलट दिशेला, आवळण्याच्या बाजूला ओढलं! एक बोल्ट पळू लागला की दुसरा त्याला धरतो. दोरा उलटा, म्हणजे डावीकडे खालून उजवीकडे वर बांधलात, तर तो नुसता ढिला पडेल. तार तीच, पण उपयोग शून्य.

आता सर्वांत महत्त्वाची गोष्ट. तार बोल्टाला सुटू देत नाही, पण ढिला बोल्ट ती घट्टही करत नाही. आधी बोल्ट नेमका हवा तेवढा आवळायचा, मगच तार. ढिल्या बोल्टाला देखणी तार बांधली, तर ते गळ्यात ताईत घालून अभ्यास न करता परीक्षेला बसण्यासारखं झालं! बोल्ट पुन्हा उघडला, तर जुनी तार फेकून नवी घालतात. तारेचं टोक आत वळवतात, नाहीतर पुढच्या कारागिराच्या बोटात घुसायचं.

एवढी बारीक काळजी कशाला? २० ऑगस्ट २००७ ला जपानमधल्या ओकिनावा बेटावर चायना एअरलाइन्सचं बोइंग विमान उतरलं. त्याच्या पंखाच्या पुढच्या कडेतल्या एका बोल्टाला वायसर नव्हता. नट-बोल्टाची जोडी निसटली आणि पंखाची हलती पट्टी मिटताना तिनं इंधनाच्या टाकीला भोक पाडलं. विमान थांबलं आणि पेटलं. आतली सगळी १६५ माणसं वेळेवर बाहेर पडली, म्हणून बचावली. एक वायसर, हाताच्या चिमटीत मावणारा!

तुमच्यापैकी कुणाच्या सायकलला डिस्क ब्रेक असेल. चाकाजवळची चकती पाहा, बहुधा सहा बोल्ट दिसतील. एखादा बाहेर आलेला किंवा गायब दिसला, ब्रेक लावताना खडखड ऐकू आली, तर ती सायकल चालवू नका. सायकलवाल्या काकांना दाखवा. चाक फिरत असताना चकतीजवळ बोट नेऊ नका, आणि उतार उतरल्यावर तिला हात लावू नका, चटका बसेल. तेल तर तिला अजिबात नको.

आणि हो, झाकणांचा प्रयोग जमला का? धाकट्या भावंडांनाही करून दाखवा. पुढच्या आठवड्यात भेटूच!