मैदान जनतेचे, नाका मक्तेदारांचा

गावच्या कबड्डीचा सामना मोबाइलवर दिसू लागला, म्हणजे प्रक्षेपणाचे लोकशाहीकरण झाले, असा समज अलीकडे रूढ होत आहे. तो अर्धाच खरा आहे. मंडळाच्या कार्यकर्त्याने मोबाइल तिवईवर लावून सामना इंटरनेटवर सोडणे सोपे झाले आहे. परंतु तो कोट्यवधींपर्यंत अखंड पोचविणे ही सर्वस्वी वेगळी गोष्ट आहे.

दूरदर्शनच्या मनोऱ्यावरून निघालेली लहर त्याच्या टापूतील एका घरात उतरो वा लाख घरांत, तिचा खर्च तोच राहतो. इंटरनेटचा न्याय उलटा आहे. तेथे प्रत्येक प्रेक्षकाला स्वतंत्र प्रवाह पुरवावा लागतो. प्रेक्षक वाढला की खर्चही वाढतो. शिवाय सामना रंगात येताच गर्दी अचानक उसळते, आणि त्या घटकेसाठी सर्व्हरची तजवीज आधीच करावी लागते. १९ नोव्हेंबर २०२३ रोजी अहमदाबादेत झालेला क्रिकेट विश्वचषकाचा अंतिम सामना हॉटस्टारवर एकाच वेळी सुमारे ५.९ कोटी लोक पाहत होते. हा भार पेलण्याची कुवत मोजक्याच भांडवलदारांकडे असते. मक्तेदारीचे बीज येथेच आहे.

ते कसे रुजते याचे उदाहरण डोळ्यांसमोर आहे. आयपीएलच्या २०२३ ते २०२७ या पाच हंगामांचे प्रक्षेपणहक्क ४८,३९० कोटी रुपयांना विकले गेले. टीव्हीचे हक्क एका कंपनीकडे व इंटरनेटचे दुसरीकडे होते, तेव्हा २०२३ मध्ये जिओसिनेमाने सामने फुकट दाखविले. नोव्हेंबर २०२४ मध्ये रिलायन्स व डिस्ने यांचे भारतातील माध्यमव्यवसाय एक झाले, आणि २०२५ च्या हंगामात वर्गणी आली. स्पर्धा संपली, तसे औदार्यही संपले!

वर्गणीवर भागत नाही. सेकंदाला दोन मेगाबिट या साध्या वेगानेही तासाला सुमारे ०.९ जीबी डेटा खर्ची पडतो. रोज दीड जीबीचा रिचार्ज करणाऱ्या मजुराचा डेटा पावणेदोन तासांच्या आत संपतो. सामना मात्र अर्ध्यावरच असतो. वर्गणी, डेटा आणि वर जाहिराती, असा तिहेरी भुर्दंड त्याच्या माथी येतो.

ध्वनिलहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे, असा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्ये दिला. २००७ च्या कायद्याने राष्ट्रीय महत्त्वाच्या सामन्यांचे प्रक्षेपण प्रसार भारतीला देणे बंधनकारक केले. त्यात हक्कधारकावर अन्याय नाही. टीव्हीवरील जाहिरात-उत्पन्नाचा किमान ७५ टक्के वाटा त्याचाच असतो. परंतु ही सक्ती दूरदर्शनचे मनोरे व फ्री डिश यांपुरतीच आहे. प्रेक्षक मोबाइलकडे वळला. कायदा मात्र छपरावरच्या छत्रीपाशी थांबला.

म्हणून मागणी स्पष्ट हवी. २००७ च्या कायद्याची कक्षा इंटरनेटपर्यंत वाढवावी. प्रसार भारतीने नोव्हेंबर २०२४ मध्ये गोव्यात ‘वेव्ह्ज’ हा मंच सुरू केला आहे. त्याला गर्दी पेलणारी सर्व्हर-यंत्रणा सार्वजनिक पैशातून द्यावी, आणि त्यावर क्रिकेटइतकीच कबड्डी, खो-खो व कुस्तीला जागा राखावी. जाहिरातदार न मिळणाऱ्या खेळांना बाजार कधीच वाली ठरत नाही. गावाने लोकवर्गणीतून मैदान राखायचे आणि त्यावरचा खेळ पाहण्यासाठी मक्तेदाराच्या नाक्यावर जकात भरायची, ही रीत चळवळीने मुकाट्याने मान्य करता कामा नये.