इशारा एकच, नोटिफिकेशन चार : लिसनरच्या नोंदणीचा नियम कोण ठरवतं?

माझे काका चोपडा तालुक्यात केळी करतात. एप्रिल ते जून हे महिने केळीवाल्यासाठी कसे असतात, ते खानदेशात कुणालाही विचारा. घड भरलेले असतात, झाड वरून जड झालेलं असतं आणि अर्ध्या तासाच्या वादळात बाग आडवी होते. वेळेत कळलं तर निदान कापणीला आलेला माल आदल्या दिवशी उतरवता येतो. म्हणून हवामानाच्या इशाऱ्यासाठी मी काकांच्या फोनवर एक ॲप टाकून दिलं. त्या ॲपवर मी स्वतः काम करत होतो, त्यामुळे जरा अभिमानानेच.

काही दिवसांनी काकांचा फोन आला, "हाई कितला डाव वाजस रे भाऊ?" एकाच पावसाची चार-चार नोटिफिकेशन्स येत होती. कधी एक, कधी दोन, कधी चार. मी बघतो म्हटलं. मी बघेपर्यंत काकांनी त्या ॲपची सगळी नोटिफिकेशन्स बंद करून टाकली होती. म्हणजे चार वेळा येणारा इशारा आता एकदाही येणार नव्हता.

हा लेख त्या चुकीबद्दल आहे. चूक माझ्या टीमची होती, पण ती एका ॲपपुरती नाही. सध्या देशात इशारे देणाऱ्या यंत्रणा वाढत आहेत, तेव्हा हा मुद्दा नीट समजून घेतलेला बरा.

झालं काय होतं?

लिसनर म्हणजे प्रोग्रॅममधला असा तुकडा, जो एखादी घटना घडायची वाट बघत बसतो. "इशारा आला की मला सांग" असं तो आधी सिस्टमला सांगून ठेवतो. या सांगून ठेवण्याला नोंदणी म्हणायचं.

आमच्या ॲपमध्ये मुख्य स्क्रीन उघडली की लिसनरची नोंदणी व्हायची. स्क्रीन बंद झाली की ती नोंदणी काढायला हवी होती, ते राहून गेलं होतं. काका दिवसात चार वेळा भाव बघायला ॲप उघडत. झाल्या चार नोंदण्या. इशारा एक आला, चौघांनी तो ऐकला आणि चौघांनी नोटिफिकेशन दाखवलं. फोन बंद-चालू केला की मोजणी परत एकपासून सुरू. म्हणून कधी एक, कधी चार.

मग टेस्टिंगमध्ये हे सापडलं कसं नाही? कारण आम्ही आधी वेबसाइट केली होती, तिथे तोच कोड बरोबर चालत होता. ब्राउझरमध्ये ॲड इव्हेंट लिसनर वापरून तेच फंक्शन त्याच घटनेसाठी दुसऱ्यांदा नोंदवलं, तर ब्राउझर दुसरी नोंदणी गुपचूप सोडून देतो. मोबाइल ॲपमधली लायब्ररी तसं करत नव्हती. ती म्हणते, तुम्ही दोनदा सांगितलं, मी दोनदा बोलावणार.

दोघांपैकी चुकीचं कोणीच नाही. घरी पेपर लावायचं उदाहरण घ्या. तुम्ही पेपरवाल्याला सांगितलं, नंतर घरातल्या दुसऱ्या कुणी परत सांगितलं. एक पेपरवाला म्हणेल, यांचा पेपर आधीच चालू आहे. दुसरा दोन पेपर टाकेल. दोन्ही पद्धती चालतील, पण आपल्या पेपरवाल्याची पद्धत कोणती ते आधी माहीत पाहिजे.

एकच भाषा, दोन नियम

जावास्क्रिप्ट ब्राउझरमध्ये चालते, तशी सर्व्हरवर नोड जेएसमध्येही चालते. भाषा तीच, पण नोंदणीचे नियम वेगळे. चार प्रश्न विचारून बघू.

पहिला, तोच लिसनर दोनदा नोंदवला तर? ब्राउझर एकच धरतो. नोडचा इव्हेंट एमिटर दोन्ही ठेवतो आणि दोनदा बोलावतो. ब्राउझरवरही डोळे झाकून विसंबू नका. दर वेळी नवं फंक्शन तयार करून दिलं, तर त्यातला मजकूर सारखा असला तरी ब्राउझर ते वेगळं समजतो.

दुसरा, दोनदा नोंदवून एकदा काढला तर? ब्राउझरमध्ये काहीच उरत नाही. नोडमध्ये एका वेळी एकच नोंद निघते, दुसरी तशीच राहते. पेपर बंद करायला सांगितला, तरी दारात एक पडतोच.

तिसरा, घटना चालू असतानाच कुणी यादीतून निघालं तर? ब्राउझरमध्ये ज्याची पाळी अजून आली नाही आणि ज्याला मध्येच काढलं, त्याला बोलावलं जात नाही. नोड सुरुवातीलाच यादीची प्रत काढून घेतो, त्यामुळे काढलेल्यालाही त्या वेळेपुरतं बोलावणं जातं.

चौथा, एक लिसनर मध्येच कोसळला तर? ब्राउझर त्याची चूक नोंदवतो आणि पुढच्यांना बोलावतो. नोडमध्ये ती चूक कुणी पकडली नाही, तर रांगेतल्या पुढच्यांपर्यंत निरोप जातच नाही.

हा चौथा प्रश्न सगळ्यात धोक्याचा. समजा एका इशाऱ्यावर तीन लिसनर आहेत. पहिला नोंदवहीत लिहितो, दुसरा एसएमएस पाठवतो, तिसरा भोंगा वाजवतो. डिस्क भरल्यामुळे पहिला कोसळला, तर नोडमध्ये भोंगा वाजणार नाही. किरकोळ कामाने महत्त्वाचं काम अडवलं.

नोड एक मदत करतो. एकाच घटनेवर दहापेक्षा जास्त लिसनर झाले की तो गळतीची सूचना देतो. पण आमचे चारच होते. अशी सोय आमच्याकडे असती, तरी काकांचं काही भलं झालं नसतं.

देशाच्या यंत्रणेने ही उत्तरं कशी दिली?

२०२३ च्या पावसाळ्यात अनेकांचे फोन अचानक मोठ्याने वाजले आणि स्क्रीनवर चाचणीचा संदेश आला, ते आठवतंय? राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाच्या इशारा यंत्रणेसाठी दूरसंचार विभागाने घेतलेली ती सेल ब्रॉडकास्टची चाचणी होती.

सेल ब्रॉडकास्ट म्हणजे गावातली दवंडी. दवंडी देणाऱ्याकडे यादी नसते. हाकेच्या टप्प्यात जो असेल, तो ऐकतो. टॉवरही तेच करतो. त्याच्या टप्प्यातल्या फोनना तो एकदम सांगतो, कुणाचा नंबर लागत नाही. म्हणजे नोंदणीचा प्रश्न बऱ्याच अंशी मुळातच काढून टाकला आहे. सिम बदललं तरी हरकत नाही. जळगावहून चोपड्याला आलात, तर चोपड्याचा इशारा मिळेल.

मग दोनदा येण्याचं काय? टॉवर तोच संदेश ठरावीक वेळाने परत परत पाठवत राहतो, कारण एखादा फोन नुकताच चालू झालेला असू शकतो किंवा नुकताच त्या भागात आलेला असू शकतो. म्हणजे उशिरा आलेल्याचीही सोय झाली. पण प्रत्येक संदेशाबरोबर एक ओळख क्रमांक आणि एक अनुक्रमांक जातो. हा संदेश आधी दाखवलाय हे फोन त्यावरून ओळखतो आणि परत वाजत नाही. इशाऱ्यात बदल झाला की अनुक्रमांकातला एक भाग बदलतो, मग तो नवा म्हणून दाखवला जातो.

पाठवणारा बिनधास्त अनेकदा पाठवतो आणि गाळायचं काम ऐकणारा करतो. नियम लिहिलेला आहे आणि सगळ्या फोनसाठी एकच आहे. आमच्या ॲपमध्ये नेमकं हेच नव्हतं.

दवंडीच्या मर्यादाही आहेत. फोन बंद असेल किंवा सातपुड्याच्या पायथ्याला रेंज नसेल, तर संदेश पोचत नाही. आणि कुणाला पोचला नाही, हे पाठवणाऱ्याला कळतही नाही.

यादीवाल्या यंत्रणा

एसएमएस मात्र यादीवर चालतो, आणि यादी म्हटलं की वरचे सगळे प्रश्न परत आले. शेतकऱ्याने नंबर बदलला आणि जुनी नोंद कुणी काढली नाही, तर त्याला संदेश येत नाही. उलट तो जुना नंबर काही महिन्यांनी दुसऱ्या कुणाला मिळतो. मग शहरातल्या एखाद्याला केळीवरच्या रोगाचे सल्ले येत बसतात.

ॲपचंही तसंच. ॲप काढून परत टाकलं की फोनला नवं टोकन मिळतं. सर्व्हरने नव्या टोकनसाठी नवी ओळ घातली आणि जुनी तशीच ठेवली, तर यादी फुगत जाते आणि "इतक्या लोकांना इशारा पाठवला" हा आकडा खोटा ठरतो.

आता काकांच्या बाजूने बघा. विजेसाठी पुण्याच्या आयआयटीएमचं दामिनी, शेती-हवामानासाठी मेघदूत, आपत्तीसाठी सचेत, वर एसएमएस आणि गावाचा व्हॉट्सॲप ग्रुप. वादळ एकच, पण प्रत्येकाची नोंदणी वेगळी, बंद करायची पद्धत वेगळी. पावसाळ्यात त्यात हतनूर धरणाच्या विसर्गाची भर पडते. धरणाला ४१ दरवाजे आहेत, आणि त्यातले किती उघडले हे तापीकाठच्या गावांना वेळेत कळणं गरजेचं असतं. दिवसभर दहा वेळा वाजलेल्या फोनवर हा अकरावा निरोप आला, तर कोण बघणार?

यावर उपाय नवा शोधायला नको. सचेत यंत्रणा कॅप नावाच्या आंतरराष्ट्रीय मानकावर उभी आहे. त्यात प्रत्येक इशाऱ्याला पाठवणाऱ्याची ओळख, स्वतःचा क्रमांक आणि वेळ असते. इशारा नवा आहे, आधीच्यात बदल आहे की आधीचा रद्द केलाय, तेही लिहिलेलं असतं. माझं म्हणणं एवढंच, की हा क्रमांक एसएमएस आणि ॲपपर्यंत शेवटच्या टोकाला पोचला पाहिजे. एकाच इशाऱ्याच्या चार प्रती आल्या, तर त्या एकच आहेत हे निदान ॲपला ओळखता येईल.

कोड लिहिणाऱ्यांसाठी

तुम्ही इव्हेंट सिस्टम बनवत असाल, तर वरच्या चार प्रश्नांची उत्तरं कोड लिहायच्या आधी लिहून काढा. पाचवा प्रश्नही जोडा, उशिरा नोंदणी करणाऱ्याला आधीचा निरोप मिळणार की नाही? सेन्सरसाठी वापरला जाणारा एमक्यूटीटी प्रोटोकॉल याचा चांगला नमुना आहे. तोच विषय परत मागितला, तर नवी नोंदणी जुनीची जागा घेते, असं त्यात स्पष्ट लिहिलंय. राखून ठेवलेला शेवटचा संदेश उशिरा आलेल्याला देण्याची सोयही आहे.

माझा कल असा : लोकांपर्यंत जाणाऱ्या गोष्टीत दुसरी नोंदणी पहिलीतच विरली पाहिजे, आणि एकदा "नको" म्हटलं की पूर्ण बंद झालं पाहिजे. नोंदणी करतानाच ती काढण्याची किल्ली परत द्या, म्हणजे काढायचं विसरणं अवघड होतं. एकाची चूक दुसऱ्याला लागू देऊ नका. आणि वेब, मोबाइल, सर्व्हर तिन्हीकडे हेच नियम ठेवा. लायब्ररी वेगळं वागत असेल, तर मध्ये स्वतःचा पातळ थर घाला.

आमच्या ॲपमधली दुरुस्ती मोजून सहा ओळींची होती. नवी आवृत्ती काकांच्या फोनवर आपोआप गेलीसुद्धा. पण नोटिफिकेशन बंदच होतं, आणि ते दुरून चालू करायची सोय कुठल्याच कोडमध्ये नाही. दिवाळीत चोपड्याला गेलो, तेव्हा त्यांच्या शेजारी बसून सेटिंगमध्ये जाऊन मी ते चालू केलं. काका म्हणाले, परत चारदा वाजलं तर कायमचं काढून टाकीन. मी म्हटलं, काढा.