अडलेला बिल्ड आणि फसवा बिल्ड

जुना टारबॉल सोडवावा, कॉन्फिगर स्क्रिप्ट चालवावी आणि ‘कंपायलरला एक्झिक्युटेबल बनवता येत नाही’ असे सांगून तिने थांबावे, हा अनुभव मे २०२४ मध्ये जीसीसी १४ आल्यापासून आपल्यातल्या अनेकांनी घेतला असेल. कंपायलर ठणठणीत असतो, मोडते ती चाचणी. १९९९ सालच्या ऑटोकॉन्फ २.१३ ने बनवलेल्या स्क्रिप्टमधला पहिलाच चाचणी-प्रोग्रॅम ‘मेन’ फंक्शनचा प्रकार न सांगता लिहिलेला आहे. सी९९ मानकाने ही सवलत काढून घेतली, तरी जीसीसी इतकी वर्षे नुसती वॉर्निंग देऊन ती चालवून घेत होता. आता तो एरर देतो.

असा अडलेला बिल्ड आम्हाला मुळीच त्रासदायक वाटत नाही. काळजी वाटते ती न अडणाऱ्या बिल्डची. कॉन्फिगरची सारी पद्धत एका गृहीतकावर उभी आहे: छोटा प्रोग्रॅम कंपाइल झाला तर ती सोय सिस्टिमवर आहे, नाही झाला तर नाही. त्या प्रोग्रॅमने हेडर न घेता ‘एक्झिट’ला हाक मारलेली असली, की नवा कंपायलर त्याला नाकारतो. स्क्रिप्ट निमूटपणे ‘नाही’ अशी नोंद करते आणि पुढे जाते. मेक सुरळीत संपतो, पॅकेज बाहेर पडते. एखादे फीचर त्यातून गळलेले असते आणि पडद्यावर त्याचा मागमूस नसतो. फेडोराच्या मंडळींनी हा धोका ओळखून कंपायलरमध्येच नोंदी ठेवण्याची सोय केली आणि जीसीसी १४ येण्याआधीच असंख्य पॅकेजेस तपासली. या कष्टाळू कामाची दखल आपल्या क्षेत्रात पुरेशी घेतली गेलेली नाही.

सोपा उपाय सगळ्यांना ठाऊक आहे: कंपायलरला ग्नू८९ मोड द्या. निकडीच्या वेळी तो जरूर वापरावा. पण त्या मोडमध्ये, डिक्लेअर न केलेले फंक्शन पॉइंटर परत करत असेल तर कंपायलर त्याला इंट समजतो आणि ६४ बिटांचा पत्ता ३२ बिटांत कापला जातो. ज्या चुकीसाठी एरर आणली, तीच आपण हाताने परत आत घेतो.

अवजारेही यातून सुटलेली नाहीत. ऑटोकॉन्फ ज्यावर चालते त्या एम४ची १.४.१८ ही आवृत्ती २०१६च्या शेवटी आली. २०१८ मध्ये जीलिबसी २.२८ ने अंतर्गत रचना बदलली आणि एम४ कंपाइल होईना. अधिकृत दुरुस्त आवृत्ती आली २०२१च्या मे महिन्यात. तोवर प्रत्येक डिस्ट्रो आपापला पॅच सांभाळत राहिली.

म्हणून आमचा आग्रह असा. जुने सॉफ्टवेअर नव्या सिस्टिमवर उभे करताना जुन्या कंपायलरने बनवलेली कॉन्फिग.एच आणि नव्याने बनवलेली, दोन्ही समोरासमोर ठेवून फरक पाहा. ‘हो’चे ‘नाही’ झालेली प्रत्येक ओळ कॉन्फिग.लॉगमध्ये शोधा. सोय खरोखरच नाहीशी झाली की चाचणीच नाकारली गेली, हे तिथे स्पष्ट दिसते. दुरुस्ती कॉन्फिगर.एसीमध्ये करा आणि ऑटोरीकॉन्फने स्क्रिप्ट पुन्हा बनवा. तयार स्क्रिप्टला मारलेला पॅच पुढच्या वेळी पुसला जातो. मग तो बदल मूळ प्रकल्पाकडे पाठवा, आणि तिथे सांभाळणारे कोणी उरले नसेल तर डिस्ट्रोकडे. कोणत्या चाचणीचे उत्तर का बदलले होते, हे कमिटच्या संदेशात लिहायला विसरू नका.