पुळणीतले गोडे पाणी



एका भगिनीने गेल्या महिन्यात पत्र लिहून आम्हाला टोकले आहे. "तुम्ही नेहमी लेण्यांची आणि विहारांचीच वाट दाखवता. मुलांना समुद्र दाखवायचा असेल तर कुठे न्यावे?" प्रश्न रास्त आहे. आपल्या घरातला प्रवास म्हणजे ऑक्टोबरात दीक्षाभूमी, डिसेंबरात चैत्यभूमी आणि उरलेल्या दिवसांत लग्नकार्ये. चैत्यभूमी तर समुद्राच्या काठावरच आहे. पण रांगेत उभ्या असलेल्या माणसाला समोरच्या समुद्राकडे बघायला सवड कुठे असते?

तेव्हा आज समुद्राचीच वाट. गेल्या मार्चमध्ये आम्ही दोन कुटुंबे, मिळून सात माणसे, दापोलीहून आंबडव्यापर्यंत गेलो. पाच सायकली होत्या, त्यातल्या तीन जुन्या बाजारातल्या. दोघा वडीलधाऱ्यांनी एस.टी. धरली. चार दिवस लागले. चढ आले की सायकल हातात धरून चालायचे, उतार आले की ब्रेकवर विश्वास ठेवायचा. कोकणात सपाट रस्ता म्हणतात तो आम्हाला फक्त ओहोटीच्या वेळी ओल्या वाळूवर सापडला.

सुरुवात वणंदपासून केली. माता रमाईंचे हे माहेर दापोलीपासून जवळ आहे. त्यांचे वडील दाभोळ बंदरातून माशांच्या टोपल्या बाजारात वाहून नेत. म्हणजे समुद्राशी आपले नाते नवे नाही. फक्त ते डोक्यावरच्या ओझ्याचे नाते होते, फिरायला जाण्याचे नव्हते. सुभेदार रामजीही लष्करातून निवृत्त झाल्यावर काही काळ दापोलीच्या कॅम्पातच राहिले होते. मुलांना हे सांगत सांगत हर्णैचा उतार कधी आला ते कळले नाही. तिथला मासळीचा लिलाव आणि समोरचा सुवर्णदुर्ग सगळेच बघतात, त्याबद्दल आम्ही वेगळे काय लिहावे?

आंजर्ल्याच्या पुढे पाडले, आडे अशी गावे लागतात. तिथून पुळण बघत जावे. पुळण म्हणजे नुसती वाळू, असे आम्हालाही वाटत होते. प्रत्यक्षात तिची रचना घरासारखी असते. पाण्याजवळ ओटा, मग थोडा चढ, मग वाळूच्या उंचवट्यांची रांग. त्या उंचवट्यांवर जांभळ्या फुलांची मर्यादवेल पसरलेली असते आणि टोकदार पानांच्या गोल गड्ड्यांचे गवत असते, त्याला लोक रावणाच्या मिशा म्हणतात. वाऱ्याने उडालेली कोरडी वाळू या वेलीत अडकते, वेल तिच्या वर डोके काढते, पुन्हा वाळू अडकते. असा एकेक वीत उंचवटा वाढतो. पावसाळ्यात खवळलेला समुद्र त्यातली वाळू ओढून नेतो आणि थंडीच्या शांत दिवसांत हळूहळू परत आणून टाकतो. ही देवघेव चालू आहे तोवर किनारा जागेवर राहतो. तिथे सिमेंटची भिंत बांधली की लाटा भिंतीवर आपटून पायथ्याची वाळू उपसून नेतात. वाळूचे ट्रक भरले तर परत आणायला समुद्राकडे वाळूच उरत नाही. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ याच किनाऱ्यावर आले. सुरूची झाडे आणि माडपोफळीच्या बागा आडव्या झाल्या. त्या दिवसाची गोष्ट इथे प्रत्येक घरात ऐकायला मिळते.

आता एक गोष्ट, जी लिहावी की नाही यावर घरात वाद झाला. वाटेतल्या एका गावात आम्ही फोनवरून दोन खोल्या ठरवल्या होत्या. संध्याकाळी दारात पोचलो. यजमानांनी पाणी दिले, गाव विचारले, मग आडनाव विचारले. आडनाव ऐकल्यावर "जरा थांबा हं" म्हणून आत गेले. बाहेर आले ते सांगत की खोल्या आधीच दुसऱ्यांना दिल्या गेल्या आहेत, घोटाळा झाला. अंगणात आमच्याशिवाय कोणाच्या चपला नव्हत्या. आम्ही सायकली वळवल्या. आमच्या धाकटीचे वय बारा. ती म्हणाली, "आपण भांडलो का नाही?" अंधार पडत होता, सोबत पोरे होती, खोटेपणा सिद्ध करायला हातात काही नव्हते, हे सगळे आम्ही तिला सांगितले. तिचे समाधान झाले नाही. आमचेही झालेले नाही.

त्या रात्री त्याच गावच्या बौद्धवाडीत, समाजमंदिरात झोपलो. आधी निरोप नसताना तीन घरांतून भाकऱ्या आल्या, कुळथाची पिठी आली, भात आला. पहाटे एक आजी आम्हाला विहिरीवर घेऊन गेल्या. विहीर किती दूर? समुद्रापासून शे-दोनशे पावलांवर, वाळूच्या उंचवट्यामागे. पोरांनी पाणी तोंडात घेतले आणि एकमेकांकडे बघितले. पाणी गोडे होते.

हे कसे होते ते समजून घेण्यासारखे आहे. पावसाचे पाणी वाळूत भराभर मुरते. गोडे पाणी खाऱ्या पाण्यापेक्षा हलके, म्हणून ते खाली मुरलेल्या समुद्राच्या पाण्यावर तरंगत राहते. वाळूचा उंचवटा जितका मोठा, तितका हा साठा मोठा. उंचवटा खणून नेला किंवा विहिरीतून पंपाने बेसुमार उपसा केला, की खालचे खारे पाणी वर येते आणि एकदा खारी झालेली विहीर सहजासहजी गोडी होत नाही.

आजी हे ऐकून म्हणाल्या, "पाणी गोडं आहे ते आम्हाला ठाऊकच होतं रे बाबा. पण माझी सासू इथं घागर घेऊन उभी राहायची. कुणी यावं, वरून ओतावं, तेव्हा घरी जायची. दिवस कलायचा." एवढे बोलून त्यांनी स्वतःच्या हाताने राजू सोडला आणि धाकटीची बाटली भरून दिली.

पुढे केळशी. खाडीच्या तोंडाशी इथे वाळूची टेकडीच उभी आहे, दुरून खरोखरच्या डोंगरासारखी दिसते. पुण्याच्या डेक्कन कॉलेजच्या संशोधकांनी तिचा अभ्यास केला आहे. एखाद्या प्रचंड सागरी लाटेने ही वाळू येऊन पडली असावी, असा तर्क मांडला गेला आहे. टेकडीवरून घसरगुंडी करायचा मोह मुलांना झाला. आम्ही नको म्हटले, कारण माणसांच्या पायांनी वेल तुटली की वारा तिथूनच वाळू पळवतो. कडेकडेने चालावे. खाडीच्या चिखलात तिवर, कांदळ, चिपी अशी खारफुटी आहे. तिवराची मुळे पेन्सिली रोवल्यासारखी चिखलातून वर आलेली असतात, ती श्वास घेण्यासाठी. त्यांच्यामध्ये निवट्या उड्या मारतात, खेकडे वाकुल्या दाखवतात. वर तांबूस अंगाची, पांढऱ्या डोक्याची घार फिरत होती. पक्ष्यांच्या पुस्तकात तिचे नाव ब्राह्मणी घार! पाखराच्याही दाखल्यावर जात लिहून ठेवली आहे, असे आमच्यातले वडीलधारे म्हणाले आणि सगळे हसलो.

खाडीला वळसा घालत वेळासला पोचलो. वेळास हे नाना फडणविसांचे गाव, मंडणगड तालुक्यातले. बाबासाहेबांचे आंबडवेही याच तालुक्यातले. पेशवाईचा कारभारी आणि पेशवाईची मानसिकता मोडणारा महापुरुष, दोघांच्या गावांचा तालुका एक! इथे २००२ साली चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेने गावकऱ्यांना सोबत घेऊन समुद्री कासवांच्या अंड्यांचे रक्षण सुरू केले. त्याआधी अंडी खाल्ली जात, विकली जात. मादी रात्री पुळणीवर येते, फूट-दीड फुटाचा खड्डा करून शंभराच्या आसपास अंडी घालते आणि निघून जाते. ती अंडी जाळीच्या कुंपणात नेऊन पुरतात. पन्नासेक दिवसांनी पिल्ले वर येतात. नर की मादी हे वाळूच्या उष्णतेवर ठरते, जास्त ऊब मिळाली तर मादी. सकाळी टोपली उलटून पिल्ले सोडली, तेव्हा शंभर माणसांत एवढी शांतता आम्ही बुद्धवंदनेलाच पाहिली आहे. हजारातले एखादेच पिल्लू मोठे होते, असे अभ्यासक सांगतात.

सम्राट अशोकाच्या पाचव्या स्तंभलेखात, ज्या प्राण्यांना मारू नये त्यांच्या यादीत कासव आहे. आपल्या शिकवणी वर्गांत अशोकाचे कलिंगयुद्ध शिकवतात, ही यादी कोणी वाचून दाखवत नाही. दाखवावी.

वेळासच्या शेजारीच बाणकोट. सावित्री नदी इथे समुद्राला मिळते. ही नदी महाडवरून येते. १९२७ सालच्या २० मार्चला बाबासाहेबांनी चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले, ते महाड या खाडीच्या वरच्या अंगाला आहे. धाकटीने आपली बाटली काढली, एक घोट प्यायली आणि उरलेले पाणी झाकण लावून परत ठेवले. खाडीत ओतायचे म्हणत होती, पण मग म्हणाली, "नको, आंबडव्याला लागेल, चढ आहे."

ज्यांना जायचे आहे त्यांच्यासाठी थोडे. फेब्रुवारी अखेर ते एप्रिलची सुरुवात हा पिल्लांचा काळ. रात्री पुळणीवर बॅटरी मारू नये, पिल्ले उजेडाकडे वळतात आणि वाट चुकतात. पिल्लांना हात लावू नये. वाळूतून सायकल ढकलल्यास रोज साखळी पुसून तेल घालावे, आमच्या दोन साखळ्या करकरू लागल्या होत्या. पन्हाळेकाजीची २९ लेणी दापोली तालुक्यातच आहेत, एक दिवस जास्तीचा असेल तर तीही करावीत. मुक्कामासाठी बौद्धवाडीत आधी निरोप द्यावा आणि जाताना तांदूळ, डाळ बरोबर न्यावी. त्या घरांवर आपला भार पडू नये.

आंबडव्याच्या स्मारकापाशी आम्ही दुपारी पोचलो. एस.टी.ने आलेले वडीलधारे सावलीत बसून वाट बघत होते. धाकटीने त्यांना बाटली दिली. तळाशी दोन घोट उरले होते.