परिपाठाच्या रांगेत

कोकणातल्या नागावात सापडलेल्या हंबीरराव राजाच्या चौदाव्या शतकातील मराठी शिलालेखात शक आणि हिजरी सन, दोन्ही कोरलेले आहेत. गावाच्या उत्तरेला अलिबागेत आणि दक्षिणेला रेवदंड्यात बेने इस्रायली ज्यूंची सिनेगॉग आहेत. शनिवारी तेलाचा घाणा बंद ठेवणारे म्हणून ते या किनाऱ्यावर शनवार तेली झाले. इतक्या श्रद्धा शेजारी नांदलेल्या मुलखात शाळेची घंटा होते, परिपाठाला रांगा लागतात आणि प्रार्थना सुरू होते. ती कोणाची असावी आणि न म्हणणाऱ्याचे काय करावे, हा विषय या दिवाळी अंकाने मुद्दाम अग्रभागी घेतला आहे.

नाशिकच्या सावित्रीबाई फुले माध्यमिक विद्यालयातील एक शिक्षक प्रार्थनेच्या वेळी आदराने उभे राहत, पण हात जोडत नसत. संस्थेला ती बेशिस्त वाटली आणि त्यांची वरिष्ठ वेतनश्रेणी अडली. २०१३ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने त्यांच्या बाजूने कौल दिला. अनुदानित शाळेत शिक्षकाला हात जोडायला भाग पाडणे हा मूलभूत हक्कांचा भंग ठरला. फुले दांपत्याचा वारसा सांगणाऱ्या महाराष्ट्रात एवढ्यासाठी कोर्टाची पायरी चढावी लागावी, याचे वाईट वाटते.

राज्यघटनेचे कलम २८ याबाबत स्पष्ट आहे. पूर्णपणे सरकारी पैशावर चालणाऱ्या शाळेत धर्मशिक्षण नाही. म्हणजे जिल्हा परिषदेच्या शाळेतही नाही. मान्यताप्राप्त किंवा अनुदानित शाळेत ते असले, तरी संमतीवाचून कोणाला त्यात किंवा उपासनेत ओढता येत नाही. मूल अज्ञान असेल तर संमती पालकांची. ७ डिसेंबर १९४८ रोजी घटना समितीत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी यामागची कारणे मांडली. सर्वांच्या करातून एकाच धर्माची शिकवण चालवणे अन्यायाचे आहे, आणि इतक्या धर्मांच्या देशात प्रत्येकाची सोय लावणे अशक्य. धर्मांच्या अभ्यासाला मात्र त्यांचा विरोध नव्हता.

हा फरक शाळांनी जपावा. कार्यानुभवाच्या तासाला आकाशकंदील करणे, ईद किंवा हनुक्का काय असतो हे वर्गात सांगणे, यात गैर काहीच नाही. पोरांना शेजार कळतो. हजेरी घेऊन आरतीला उभे करणे वेगळे.

धर्म शिकवायचा तर समाज स्वतः शिकवू शकतो. मूळच्या याच कोकण किनाऱ्यावरच्या हाईम सॅम्युएल केहिमकरांनी १८७५ मध्ये मुंबईत आपल्या बेने इस्रायली समाजातील मुलांसाठी शाळा काढली, हिब्रूची सोय केली.

केंद्रीय विद्यालयांतील प्रार्थनेचा वाद २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मोठ्या पीठाकडे सोपवला. गावातल्या शाळांनी त्या निकालासाठी थांबायचे कारण नाही. सहलीसाठी पालकांची लेखी संमती घेतली जातेच. दिवाळीच्या सुट्टीनंतरच्या पहिल्या पालकसभेत उपासनेबद्दलही तसेच विचारावे, आणि नकार देणाऱ्याच्या मुलाला रांगेत मोकळ्या हातांनी उभे राहू द्यावे.